ओल्या वातीच्या थर्मामीटरबद्दल आभार

लष्कर, ग्वाल्हेर

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी सुल्काटा कासवाचं पिल्लू अंगणात वाढवणाऱ्या इथल्या प्रत्येकाच्या कामाच्या आहेत, आणि त्या कासवांच्या पुस्तकातल्या नाहीत, कोंबड्यांच्या हॅचरीतल्या आहेत. तुमचं आयुष्य अंडी उबवायची मशिनं दुरुस्त करण्यात गेलं. कासवाला तुम्ही अजून 'तो दगड'च म्हणता. पण पिल्लासाठी केलेल्या उबेच्या पेटीत हात घातल्याबरोबर विचारलंत ते नेमकं होतं: "ऊब आहे, ओल कुठाय?"

सगळी चूक तिथेच असते. सुल्काटा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं, म्हणून लोक त्याला वाळवंटी समजून कोरडं ठेवतात. प्रत्यक्षात तिथे ते बिळात राहतं आणि बिळातली हवा दमट असते. लहानपणी कोरड्या हवेत वाढलं की पाठीवरचा एकेक चौकोन पिरॅमिडसारखा वर उचलला जातो, आणि एकदा उठलेली ती टेकाडं पुन्हा बसत नाहीत. बरेच जण याचा दोष जास्त प्रथिनांना देतात. व्हिएन्नातल्या विसनर आणि इबेन यांनी 2003 मध्ये सुल्काटाच्याच पिल्लांवर काम केलं, त्यात खाण्यापेक्षा हवेच्या ओलाव्याचा परिणाम ठळक निघाला.

तुम्ही हॅचरीचीच रीत लावलीत. दोन साधे थर्मामीटर शेजारी शेजारी, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली वात, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. कोरडा 28 अंश आणि ओला 25 दाखवत असेल तर आर्द्रता 77-78 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पिल्लाला हवी तशी. ओला 20 वर उतरला तर हवा पन्नाशीच्या खाली गेली, शिंपडा. स्वस्तातले डिजिटल मीटर सतत दमट हवेत राहिले की 99 वर अडकून बसतात आणि आपण निर्धास्त झोपतो. वातीला ते दुखणं नाही. तिला एकच पथ्य: बोअरिंगचं पाणी चालत नाही, क्षार धरून ती कडक होते आणि ओला थर्मामीटर उगाच जास्त दाखवतो. आरओचं पाणी घालायचं.

पेटीची मापं इथेच लिहून ठेवतो. आतून 4 बाय 2 फूट, उंची 2 फूट. बाहेर 12 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, मध्ये 2 इंच थर्मोकोल, आत 6 मिमीचा प्लाय. आतला प्लाय वगळायचा नाही. थर्मोकोल उघडं राहिलं तर कासव ते कुरतडतं आणि गिळतंही. झाकण बिजागरीचं, दार दक्षिणेला, दारावर एसी दुकानांत लावतात तसल्या प्लास्टिक पट्ट्यांचा पडदा. तळाला 4 इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). 5 किलोची एक वीट भिजून जवळपास एवढ्याला पुरते. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये.

हीटरबाबत तुम्ही आमचा बेत सरळ मोडीत काढलात. 150 वॉटचा एक सिरॅमिक हीटर (बल्बसारखा, पण उजेड न देणारा) मध्यभागी टांगायचा होता. तसा टांगला की खालच्या कासवाची पाठ भाजते आणि कोपऱ्यातली हवा गारच राहते. पाठीला गरम कमी जाणवतं, म्हणून ते बाजूलाही सरकत नाही. त्याऐवजी 60 वॉटचे दोन, दोन टोकांना, चिनीमातीच्या होल्डरमध्ये (प्लास्टिकचा होल्डर वितळतो), भोवती जाळी, आणि कासवाच्या पाठीपासून निदान एक फूट वर. शिवाय कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा छोटा पंखा 5 व्होल्टवर, छताकडे तोंड करून. झाकणाखाली 30 अंश आणि जमिनीवर 23, हे बंद पेटीत नेहमीचंच. पंख्याने ही तफावत एखाद्या अंशावर येते. लाल किंवा पांढरा बल्ब रात्री नको, झोप मोडते.

सर्वांत मोठे आभार दुसऱ्या थर्मोस्टॅटचे. पहिला डिजिटल, 27 ला चालू आणि 28 ला बंद. त्याचा सेन्सर जमिनीपासून 4 इंचांवर, जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, हीटरपासून लांब. सेन्सर सुटून हीटरजवळ पडला तर पेटी गार राहते. दाराबाहेर ओढला गेला तर हीटर बंदच होत नाही. आणि सेन्सर जागेवर असूनही रिलेचे (हीटर चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर तेच होतं. म्हणून त्याच वायरवर एकापुढे एक असा साधा बायमेटल थर्मोस्टॅट, 35 अंशांना तोडणारा. हॅचरीत हजारो अंडी एका रिलेच्या भरवशावर कोणी सोडत नाही, हे तुमचं वाक्य आता पेटीच्या झाकणावर रंगवलंय. ओली माती आणि 230 व्होल्ट एकत्र म्हटल्यावर 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग आलंच.

हीटरची एवढी काळजी अशासाठी, की उबेशिवायची ओल घातक. गार आणि दमट अशा दोन-चार रात्री काढल्या की नाकाला बुडबुडे येतात, मान ताणून तोंड उघडून श्वास घेतलेला दिसतो. तो न्यूमोनिया. तेव्हा घरगुती काढे न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला व्हेट गाठायचा. ग्वाल्हेरची जानेवारी म्हणजे पहाटे 5 अंश आणि दुपारपर्यंत कोहरा (धुकं हा शब्द इथे फक्त कवितेत). सुल्काटा थंडीत झोपी जाणाऱ्या जातीचं नाही. सुस्त पडलं तर ते 'शीतनिद्रेत' नसतं, गारठलेलं असतं. वीज गेली तर इन्व्हर्टर: दोन्ही हीटर सतत चालले तरी 120 वॉट, म्हणजे 150 एएचच्या बॅटरीवर रात्र निघते. एरवी हीटर निम्मा वेळ बंदच असतो, 14 तासांना एक युनिटही जळत नाही. इन्व्हर्टर नसेल तर दोन लिटरच्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत.

दिवसाचं वेळापत्रक सोपं. सकाळी कोमट पाण्यात 15-20 मिनिटं, पाणी हनुवटीपर्यंत. मग ऊन आणि हवा 22 अंशांच्या वर असेल तर वाफ्यात, नाहीतर पेटीत यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) ट्यूबखाली. काचेतून आलेलं ऊन हाडांना उपयोगाचं नाही, त्यातला यूव्हीबी काचच खाते. वाफा 8 बाय 4 फूट, विटांची दीड फूट भिंत, पाया एक फूट खोल (हे खणतं), आणि वर अर्ध्या इंचाच्या जाळीचं झाकण. मुंगूस, मांजर, कावळा आणि घूस, चौघांनाही पिल्लू एका घासाचं वाटतं. भिंत जाळीची नको. पलीकडचं दिसलं की ते दिवसभर तिथेच डोकं घासत राहतं. मे महिन्यात उलटं: 10 ते 5 सावलीत, ओल्या मातीवर.

खाणं म्हणजे गवत. हरळी, तीही मुळं काढून धुतलेली. गणपतीच्या दूर्वा विकणाऱ्या बाईकडे रोज ताजी जुडी मिळते, फवारलेली नाही ना हे विचारून घ्यायची, रस्त्याकडेच्या गवताची खात्री नाही. सोबत जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे जाळून फड्या निवडुंगाचा तुकडा. वाळकं गवत लहानग्याला चाववत नाही. कात्रीने सेंटिमीटरभर कापून, भिजवून हिरव्यात मिसळायचं. कॅल्शियमला काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन, एक अख्खा तुकडा वाफ्यात टाकून ठेवायचा, हवं तेव्हा ते चावतं. पोळी, भात, भिजवलेली डाळ, केळं, टोमॅटो हे प्रेमाने दिलं जातं आणि आतडं बिघडवतं. निर्माल्य तर अजिबात नाही: झेंडू फवारलेला, वर हळद-कुंकू, आणि शनिवारच्या मारुतीच्या हारातली रुई विषारी. कण्हेरही.

कागदाचं एकदाच सांगतो. सुल्काटा साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. कागद नसलेलं पिल्लू घेऊ नका. आणि चंबळेतलं कासव किंवा चांदणीचं कासव 'जोडीला' आणणं हा सरळ गुन्हा.

काका, या पिल्लाचं वजन पुढे 40 किलोंवर जाणार, तेव्हा ही पेटी तीन-चार वर्षांत बदलावी लागेल. मोठ्या पेटीला सिरॅमिक चालणार नाही, तेलाचा रेडिएटर लागेल. त्याचा थर्मोस्टॅट कुठे बसवायचा ते बघायला तुम्हालाच यावं लागणार आहे. तोवर एक काम: वात दर पंधरवड्याला बदलतोय, आणि जुन्या मलमलीच्या धोतराची केलेली आता संपत आली. हॅचरीतली नळीसारखी विणलेली वात तुमच्या पेटाऱ्यात उरली असेल तर हातभर पाठवा.

आपली,
लष्कर भागातली कासववाली मंडळी