चार किलोमीटरचा चकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतले डोंगरवाटांवरचे लेख मी आवडीने वाचतो. एक गोष्ट मात्र हमखास खटकते. त्यात वाटेची लांबी असते, चढ नसतो. ‘अवघे चार किलोमीटर’ असं कुठेसं वाचूनच गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघे एका शिखरावर निघालो. पायथ्यापासून माथा ९०० मीटर उंच आहे, हे निम्म्या वाटेत नकाशा उघडल्यावर कळलं.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला होता. सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे आणखी एक तास. म्हणजे आमच्या अंतराला पाऊण तास नि चढाला दीड. तोही धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा. घसारा, हाताला चटके देणारा कातळ, दर वळणावर सावलीचा शोध, हे त्यात धरलेलंच नाही. आम्हाला माथ्याखालच्या खिंडीपर्यंत पोचायलाच चार तास लागले.

‘वर गार असेल’ या भरवशावरही आम्ही होतोच. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे खरं. पण गार होते ती हवा, ऊन नव्हे. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात आणि तापलेला कातळ भट्टीसारखा धगधगत असतो.

खिंडीत आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी पाणी प्यायला बसला. उठताना त्याला सॅकच्या कंबरपट्ट्याचं बक्कल लावता येईना. दोनदा, तीनदा. मी हात पुढे केला तर अंगावर खेकसला. एरवी आवाजही न चढवणारा माणूस! घामाने निथळत होता म्हणून मी निर्धास्त. उष्माघातात घाम थांबतो, असंच ऐकलेलं. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम सुरू असतानाही शरीराचं तापमान ४० अंशांपुढे जाऊ शकतं आणि चिडचिड, गोंधळ ही सुरुवातीची खूण असू शकते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अशा वेळी आधी गार करायचं, मग खाली न्यायचं.

सुदैवाने तिसऱ्याला शंका आली. कपारीच्या सावलीत आडवं करून, उरलेलं निम्मं पाणी त्याच्या डोक्यामानेवर ओतलं आणि टोपीने वारा घालत बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मी ओरडलो का रे तुझ्यावर?” मग उतरलो. घसाऱ्यावर लटपटत्या पायांनी उतरणं चढण्याहून वाईट, एवढंच सांगतो.

विनंती अशी, की लेखात चढ मीटरमध्ये द्यावा, पाण्याची शेवटची जागा द्यावी आणि माघारीची वेळही द्यावी. इतके वाजेपर्यंत माथा आला नाही तर असाल तिथून परत फिरा. ही वेळ पायथ्याशीच ठरवायला हवी. माथा समोर दिसू लागला की कुणाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आमच्या त्या मित्राला अजूनही वाटतं, अर्ध्या तासात आपण वर पोचलो असतो.

आपला,
एक वाचक