रोजच्यापुरता मन्ना

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच फोन लावावासा वाटलं. पण तू मुद्दाम बसून पत्र लिहिलंस, म्हणजे तुला घाईचं उत्तर नको असणार. म्हणून आज घरातले सगळे झोपल्यावर शांतपणे लिहायला बसलो आहे.

तू लिहितोस, "देव नाही असं मला वाटत नाही. पण त्याच्याशी बोलायला तोंडच उघडत नाही." वहिनींच्या आजारपणाचं हे दुसरं वर्ष. रात्री दोन-तीनदा उठायचं, दिवसा नोकरी करायची आणि मधल्या वेळात सगळ्यांना "आता बऱ्या आहेत" असं सांगत राहायचं. अशात तू पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायची आणि वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढायचं, असा नेम केलास. तो नऊ दिवस चालला, दहाव्या दिवशी मोडला. आणि त्यावरून तू ठरवून मोकळा झालास की आपला विश्वास मुळातच कच्चा. त्यात मंडळीतल्या कुणीतरी "विश्वास कमी पडतोय तुमचा" असं तोंडावर म्हणून दाखवलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

तुझा हा निकाल मला मान्य नाही. पवित्र शास्त्राचे एकूण ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून अधिक वाचावे लागतात. रात्रभर जागणाऱ्या माणसानं पहाटे चारला उठून ते वाचायचे म्हणजे थकव्यावर आणखी थकवा. एलीया आठव. कर्मेलावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि लगेच पुढच्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतोय. देवानं त्याला काय दिलं? झोप दिली, भाकर दिली, पाणी दिलं, आणि तेही दोनदा. "तुला मोठी वाट चालायची आहे" असं दूतानं सांगितलं ते त्याला खाऊ घालताना. देवाची वाणी त्यानं ऐकली ती त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा तुझी पहिली आध्यात्मिक सवय झोपेची असू दे. दुपारी अर्धा तास मिळाला तर झोप, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस.

आता मन्नाबद्दल लिहितो, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव रोज सकाळी देत असे त्या अन्नाबद्दल, कारण गेली काही वर्षं मी या एकाच गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येतो. निर्गमाचा सोळावा अध्याय. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला त्यांच्या मन्नात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, एरवी नाही. आणि हे थोडेथोडके दिवस नव्हे, चाळीस वर्षं चाललं. देवाला एकदाच कोठार भरून देता आलं नसतं का? पण मग त्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर कशाला पाहिलं असतं? येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही आपण महिन्याची भाकर मागत नाही, रोजची मागतो, तीही आजच्यापुरती. तू मात्र पुढच्या वर्षभराचा विश्वास नऊ दिवसांत गोळा करायला निघालास. वहिनींना उद्या काय होईल त्यासाठी लागणारा धीर तुला आज मिळणार नाही. तो उद्या सकाळी मिळेल. हे मी नुसतं ऐकून सांगत नाही.

भाऊ गेला त्या वर्षाबद्दल मी तुझ्याशीही फारसं बोललो नाही. त्याच्या आधीच्या वर्षी मी एक छोटी वही केली होती. रोज रात्री देवाला उद्देशून एकच ओळ लिहायची. तो गेल्यानंतर प्रार्थना पूर्ण थांबली. उपासनेला जाऊन बसायचो, गीत सुरू झालं की ओठ हलायचे नाहीत. पण वही उशाशीच होती आणि हाताला सवय होती. मग मी रात्री तीत लिहायचो, "आज नाही." दुसऱ्या दिवशीही "आज नाही." परवा तुझं पत्र वाचून ती वही काढली. सात महिने, जवळजवळ रोज, तेच दोन शब्द. त्या काळात मला वाटायचं की मी देवापासून तुटलोय. आता ती पानं पाहताना कळतं की मी रोज रात्री त्यालाच सांगत होतो, आज तुझ्याशी बोलणार नाही म्हणून. ज्याला सांगतोय तो आहे हे धरूनच ते लिहिलेलं होतं. आठव्या महिन्यात एका रात्री "आज नाही"च्या पुढे लिहिलंय, "पण तो तुझ्यापाशी आहे ना?" बस, एवढंच. त्या रात्री काही दर्शन झालं नाही, मनही हलकं झालं नाही. पण संवाद पुन्हा सुरू झाला तो तिथून. वही नसती तर कुठून झाला असता, मला माहीत नाही.

म्हणून तुला पहिलं सांगतो : बोलता येत नसेल तर शब्द उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. ८८वं स्तोत्र तू शेवटचं कधी वाचलंस? बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, कुठेतरी स्तुती येते. हे वळत नाही. शेवट अंधारातच होतो. पण त्याच स्तोत्रात मधे स्तोत्रकर्ता म्हणतो की हे परमेश्वरा, मी रोज तुझा धावा करतो, आणि पुढे पुन्हा म्हणतो, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. अंधार हटलेला नाही आणि रोजची हाकही थांबलेली नाही. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी हे गाळलं नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. तुझ्यासारख्या माणसाची जागा शास्त्रातच राखून ठेवलेली आहे.

सवयीला आपण उगाच कमी लेखतो. मनातून उचंबळून आलं तीच खरी प्रार्थना, आणि ठरल्या वेळी केली ती कोरडी, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. पण शुभवर्तमानकार लूक काय लिहितो पाहा. येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, आपल्या परिपाठाप्रमाणे. आणि धरून दिलं त्या रात्री जैतुनाच्या डोंगराकडे गेला, तेही आपल्या रीतीप्रमाणे. योहान तर सांगतो की यहूदाला ती जागा माहीत होती, कारण येशू शिष्यांबरोबर पुष्कळदा तिथे जात असे. म्हणजे प्रभूची सवय इतकी पक्की होती की धरून देणाऱ्याला त्याला कुठे गाठायचं याचा विचारच करावा लागला नाही. आयुष्यातल्या सर्वांत कठीण रात्री त्यानं प्रार्थनेसाठी नवी जागा शोधली नाही, रोजच्या जागी गेला. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसून होतो.

दानीएलाचंही तसंच. राजाशिवाय कुणाकडे काही मागेल त्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं, असा राजाचा हुकूम निघाल्यावर तो घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्याच, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली, पूर्वी करत असे तशीच. आपण सिंहांची गुहा लक्षात ठेवतो आणि हे "पूर्वी करत असे तशीच" विसरतो. तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या घरात असावं. ते धैर्य त्या दिवशी कुठून अचानक आलं नव्हतं.

पौल रोमकरांस लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. "धीर" म्हणून जो मूळ ग्रीक शब्द आहे, हुपोमोने, त्याचा शब्दशः अर्थ "खाली टिकून राहणं". ओझ्याखालून पळून न जाणं. त्यात जोर, उत्साह, पराक्रम यांतलं काही नाही. तू दोन वर्षं वहिनींच्या पलंगाशेजारून हलला नाहीस, ते हेच आहे. तू ज्याला विश्वास आटला म्हणतोस त्याला पौलानं काय म्हटलं असतं, याचा जरा विचार कर.

पंडिता रमाबाईंची आठवण येते. आपण त्यांना मोठ्या कार्यासाठी ओळखतो, पण मला त्यांच्या शेवटच्या वर्षांचं जास्त नवल वाटतं. शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार सांभाळत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत राहिल्या. अनेक वर्षं, एकेका वचनावर. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यांनी काम खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते पुरं झालं. मुलगी गेल्यानंतर पहिल्या दिवशी त्या टेबलाशी बसल्या असतील तेव्हा त्यांच्या मनात काय असेल? मला वाटतं, फक्त पुढचं वचन.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं कुठेतरी वाचून तू नवव्या दिवसापर्यंत मोजत होतास ना? ते सोडून दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ माणसांवर याचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नव्हतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात काम करणारे बंधू लॉरेन्सही हेच सांगत, वेगळ्या भाषेत. देवाचं स्मरण सुटलं तर ते कबूल करायचे आणि खंत करत न बसता पुन्हा त्याच्याकडे वळायचे. पहिली दहा वर्षं त्यांनाही आतून फार जड गेली होती. दहा वर्षं!

तेव्हा दहावा दिवस चुकला तर अकराव्या दिवशी करायचं. चुकलेलं भरून काढायला दुप्पट वाचू नकोस, त्यातच माणूस दमतो.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते, ती लिहून ठेवतो. सवय टिकली की आपण तिचा हिशेब ठेवू लागतो. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला गेलेला तो परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, नेम त्याचाही पक्का होता. पण नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याची प्रार्थना जेमतेम एका वाक्याची होती. आपण रोज वाचतो म्हणून देव वहिनींना बरं करील, असा सौदा मनात शिरू देऊ नकोस. भाऊ आजारी असताना मी तो केला होता, आणि नंतरच्या त्या सात महिन्यांतला निम्मा कडूपणा त्यातून आला होता. आपण हात पुढे करायचा तो घेण्यासाठी. मन्ना गोळा करणाऱ्याला मन्ना निर्माण करावा लागत नव्हता.

आता करायचं काय? एवढंच. सकाळी डोळे उघडल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी, अंथरुणातच प्रभूची प्रार्थना म्हण. हळू. एका ओळीवर अडकलास तर तिथेच थांब. दिवसात कधीतरी मार्कच्या शुभवर्तमानातली पाच-सात वचनं वाच. सोळाच अध्याय आहेत, कितीही दिवस लागू देत. वहिनींना औषध देताना त्यांच्या हातावर हात ठेवून "प्रभू, दया कर" एवढं म्हण, मोठ्यानं नाही म्हटलं तरी चालेल. ते तुला दिवसातून तीनदा करावंच लागतं, म्हणजे दानीएलाच्या तीन वेळा आपोआप झाल्या. रात्री वहीत एक ओळ. ओळ सुचली नाही तर माझे दोन शब्द तुला देतो.

आणि रविवारी बाहेर पडता येत नसेल तर दोघा-चौघांना घरी बोलाव. "विश्वास कमी पडतोय" म्हणाला तो माणूस नको. ज्याच्यासमोर तू गप्प बसू शकतोस असा कुणी. अमालेकाशी लढाई चालली होती तेव्हा मोशेनं हात वर धरले की इस्राएलाची सरशी व्हायची. त्याचे हात भरून आले, तर अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. मोशेनंही एकट्यानं हात वर ठेवले नाहीत.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर सात वारांची सात नावं आहेत. गुरुवार तुझा आहे. गेली सहा वर्षं. त्या सात महिन्यांतसुद्धा, माझ्या स्वतःसाठी एक शब्द फुटत नव्हता तेव्हा, गुरुवारी तुझं नाव तेवढं मी घेत होतो. ते का थांबलं नाही, मला सांगता येणार नाही. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं. आता तुझी पाळी आली म्हणून सांगतो : तुला जमत नाही त्या दिवसांत ते नाव इकडे घेतलं जातंय.

वहिनींना माझा सलाम सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तोच जुना मित्र

ता. क. वहिनींना रात्री झोप लागत नाही असं लिहिलंस. त्यांना १२१वं स्तोत्र वाचून दाखव. आठच वचनं आहेत. जो रक्षण करतो तो डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, असं त्यात आहे. ते वाचून झालं की दिवा मालव आणि तूही झोप.