युरोव्हिजनचे गुण कितीपैकी?

मा. संपादक,
स. न.

मे महिन्यात युरोपातल्या देशांची युरोव्हिजन गीतस्पर्धा जवळ आली की आपल्याकडच्या पुरवण्यांतही जुन्या विजेत्यांचे कोष्टक छापून येते : वर्ष, देश, गायक, गुण. यातला शेवटचा रकाना वाचकाची दिशाभूल करतो. २०१७ साली पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालला ७५८ गुण मिळाले आणि १९७४ साली ब्रायटनमध्ये स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ला २४, एवढेच वाचून काहीच कळत नाही. शाळेच्या गुणपत्रिकेतही ‘पैकी’ असते. इथे ते लिहिणे जास्तच गरजेचे आहे, कारण गुण देण्याची पद्धत या स्पर्धेत वारंवार बदलली आहे.

१९७३ आणि १९७४ ही लागोपाठची वर्षे पाहावीत. दोन्ही वर्षी देश १७. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत प्रत्येक देशाचे दोन परीक्षक असत, एक पंचविशीच्या आतला आणि एक पुढचा. प्रत्येकाने प्रत्येक परदेशी गाण्याला १ ते ५ मध्ये गुण द्यायचेच. म्हणजे गाणे कितीही पडले तरी बाकीच्या १६ देशांचे मिळून ३२ गुण पदरात ठरलेले. त्यामुळे १९७३ ला लक्झेंबर्ग १२९ गुणांनी जिंकले आणि तळाच्या बेल्जियमलाही ५८ मिळाले. पुढच्याच वर्षी जुनी पद्धत परत आणली गेली : देशागणिक दहा परीक्षक, प्रत्येकाचे एकच मत. एकूण १७० मते १७ गाण्यांत विखुरली आणि २४ मते घेऊन ‘अ‍ॅबा’ पहिले आले. दुसऱ्या इटलीला १८. दोन्ही वर्षी कमाल गुण १६०च होते. तेव्हा नुसती टक्केवारी काढूनही भागत नाही. १९७३ च्या १२९ मधून आधी ते फुकटचे ३२ वजा करावे लागतात, म्हणजे १२८ पैकी ९७ उरतात. आणि १९७४ ला मते इतकी फुटत असताना सहा मतांची आघाडी मोठी होती, हे दुसऱ्या क्रमांकाचे गुण शेजारी छापले तरच दिसते.

एका परीक्षकाला एक मत, ही पद्धत १९६९ ला माद्रिदमध्ये अंगाशी आली होती. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांचेही १८ गुण झाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघेही विजेते जाहीर झाले. पुढच्या वर्षी फक्त १२ देश उतरले. १९९१ ला रोममध्ये स्वीडन आणि फ्रान्स १४६ वर अडकले तोवर नियम आलेला होता. आधी १२ गुण (एका देशाला देता येणारे सर्वाधिक) किती देशांनी दिले ते मोजले, दोघांनाही चार. मग १० गुण मोजले. स्वीडनला पाच, फ्रान्सला दोन. अशा वर्षी विजेत्याच्या नावापुढे नुसते ‘१४६’ छापले तर त्या रात्रीची खरी चुरस कोष्टकातून निसटते.

१९७५ पासून प्रत्येक देशाने आपल्या पसंतीच्या पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ ते १ गुण द्यायचे, ही पद्धत आली. तिथून हिशोब सोपा होतो. मतदान करणाऱ्या देशांतून विजेत्याचा स्वतःचा देश वजा करा आणि १२ ने गुणा. १९७६ ला १८ देश होते, म्हणून ब्रिटनच्या ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’चे १६४ गुण २०४ पैकी, म्हणजे ८० टक्के. २००९ चा नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक ४९२ पैकी ३८७, सुमारे ७९ टक्के. २०१६ पासून परीक्षक आणि प्रेक्षक वेगवेगळे गुण देतात, म्हणून १२ ऐवजी २४ ने गुणावे लागते. सोब्रालचे ७५८ असे ९८४ पैकी होतात, ७७ टक्के. ज्याला विक्रम म्हणून मिरवले जाते तो १९७६ च्या खालीच राहतो.

हे गुण वेगळे करणे मात्र योग्यच झाले, असे आमचे ठाम मत आहे. २०१४ मध्ये ब्रिटनच्या प्रेक्षकांनी पोलंडला पहिले निवडले, तिथल्या परीक्षकांनी शेवटचे. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर ब्रिटनकडून पोलंडला शून्य मिळाले. उलट २०१६ ला परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया आणि प्रेक्षकांची रशिया होती. युक्रेनची जमाला दोन्हीकडे दुसरी राहून (२११ आणि ३२३) ५३४ गुणांनी जिंकली. असा निकाल एका आकड्यात मावत नाही.

२०२३ पासून भारतातूनही मत देता येते. स्पर्धेत नसलेल्या सर्व देशांची ऑनलाइन मते एकत्र करून त्यांना मिळून एका देशाइतके प्रेक्षकांचे गुण मिळतात. त्यामुळे छेदात आणखी १२ मिळवावे लागतात : २०२५ चे ऑस्ट्रियाचे ४३६ गुण ८७६ पैकी आहेत, निम्म्याहून किंचित कमी. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होते, हेही छापल्यास मत देऊ इच्छिणाऱ्यांची सोय होईल.

पुढच्या कोष्टकात ‘गुण’ या रकान्याशेजारी ‘पैकी’ आणि ‘दुसऱ्या क्रमांकाचे गुण’ असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. १९५६ च्या लुगानोतल्या पहिल्या स्पर्धेत फक्त विजेता जाहीर झाला, गुण कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. तिथे तिन्ही रकाने कोरे सोडावेत.

आपले,
युरोव्हिजनचे काही नियमित प्रेक्षक, पुणे