फलक लावण्याआधी

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या वस्त्यांत आणि ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम तुमच्या संस्थेने हाती घेतले, याचा आनंद वाटला. मात्र सोबत पाठवलेला कवटीच्या चित्राचा फलक पाहून उत्तर लगेच लिहावेसे वाटले. तो फलक कृपा करून लावू नकोस.

१९८६ साली चेन्नईत देशातले पहिले रुग्ण आढळले, तेव्हा उपचार हाती नव्हता आणि भीती घालणे एवढेच सुचत होते. आता तशी स्थिती नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रांतून, औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींचा रक्तातला आकडा कितीही असला, तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. रोज न चुकता गोळी घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे आणि तसाच टिकून आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कवटी पाहिलेला माणूस तपासणीला येत नाही, तोंड लपवतो.

तुझ्या व्याख्यानाच्या मसुद्याचा सूर असा आहे, की देहविक्री करणाऱ्या बायकांना निरोध माहीतच नाही. त्यांना तो तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो. अडचण वेगळीच असते. निरोध नको म्हणणारा गिऱ्हाईक दुप्पट पैसे पुढे करतो, प्यालेला माणूस ऐकत नाही, आणि ज्याला ती आपला माणूस मानते त्याच्यासमोर निरोधाचा विषय काढला तर तो संशय घेतो. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जातो. सगळ्याजणींनी मिळून ठरवले, तर त्याला जायला दार उरत नाही. म्हणून शिकवायचे ते हे, की पैसे घेण्याआधीच बोलणी कशी करायची आणि आपसांत एकजूट कशी ठेवायची. ते सांगणारी बाई त्यांच्यातलीच हवी. कोलकात्याच्या सोनागाची या देहविक्रीच्या वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ साली काम सुरू केले, तेव्हा वस्तीतल्या बायकांनाच आरोग्यशिक्षणाचे काम सोपवले होते. आपल्याकडे सांगलीत संग्राम या संस्थेनेही याच वाटेने काम केले. तू पाहुणा म्हणून एकदा बोलशील, पण ‘पीअर’, म्हणजे त्यांच्यातलीच शिकवणारी बाई, तिथे रोज असते आणि अडीअडचणीला रात्रीही उठते.

निरोधाचे प्रात्यक्षिक मात्र लाजत-लाजत उरकू नकोस. पाकीट हातात घेऊन आधी मुदत वाचायला लावावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाकीट दाबून आत हवा आहे का ते पाहायला सांगावे, दाताने न फाडता कडेच्या खाचेवरून उघडावे, टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि मग लाकडी नमुन्यावर तो शेवटपर्यंत उलगडावा. काढताना बुडाशी धरावा, हे बहुतेक प्रशिक्षक विसरतात. एकावर एक दोन चढवले तर घासून फाटतात आणि खोबरेल तेल लावले तर रबर कमजोर होते. या दोन्ही चुका मी वारंवार ऐकतो. नमुना प्रत्येकीच्या हाती द्यावा. हशा होईल, होऊ द्यावा.

गुप्तरोगाविषयी वेगळे बोलायला हवे, कारण जखम किंवा पुरळ असेल तर एचआयव्हीची लागण अधिक सहज होते आणि उपचार जोडीदारालाही घ्यावे लागतात. दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी व्हावी. कुणावर बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठून २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध घेता येते, हे प्रत्येकीला तोंडपाठ असावे.

तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष तुला सभेत भेटणार नाहीत. आपल्या भागात त्यातले कित्येक लग्न झालेले असतात आणि स्वतःला कुठलेही नाव लावून घेत नाहीत. गुदमैथुनात जोखीम सर्वांत जास्त असल्याने त्यांना निरोधाबरोबर पाण्याच्या आधारावरचे वंगणही लागते. त्यांच्यापर्यंत ओळखीतूनच पोहोचता येईल. याद्या करत फिरू नकोस.

ऊसतोडीच्या टोळ्यांचे काम त्याहून नाजूक आहे. स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालक यांना सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात जोखमीचे गट आणि सर्वसाधारण समाज यांना जोडणारा दुवा मानतात, पण ‘ऊसतोड कामगार म्हणजे रोगी’ असा शिक्का आपल्या हातून बसता कामा नये. बीडची माणसे आधीच पुरेसे शिक्के वाहत आहेत. फडावर पहाटेपासून कोयता चालतो, तिथे सभा कोण ऐकणार? तेव्हा जे काही सांगायचे ते गाव सोडण्याआधी सांगावे. टोळीत कुणी औषधावर असेल, तर त्याने काही महिन्यांच्या गोळ्या बरोबर नेण्याबद्दल किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घेण्याबद्दल आपल्या एआरटी केंद्रात विचारावे. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला गोळी संपली म्हणून मधूनच परत येता येत नाही. औषध तुटते ते तिथे.

तपासणीचे निकाल चारचौघांत सांगू नयेत आणि अहवालासाठी फोटो काढू नयेत. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा संमती आणि गोपनीयता दोन्ही मागतो. ज्यांना समोर येऊन विचारायचे नाही, त्यांना एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा मोफत क्रमांक द्यावा.

टोळ्या दसऱ्याच्या सुमारास हलू लागतील. मुकादमाशी बोलून, बाया-माणसे दोघेही घरी असतील अशी संध्याकाळ ठरव आणि तारीख मला कळव. रक्ततपासणीचे पथक आणि लाकडी नमुने इथून मिळतात का, ते मी विचारून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र