फोंड्याच्या फार्मसीतल्या बाईंना उघड पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानात उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेता. म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. तुमचं नाव घालत नाही, दुकानाचंही नाही. फोंड्याच्या बाजारात येणारे ओळखायचं तर ओळखतीलच. दुकानदाराचे आभार माल न विकल्याबद्दल मानायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

पित्ताच्या खड्यांचं दुखणं ज्यांनी सोसलंय त्यांना ते सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पिशवी गेली, टाके सुकले. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आहाराच्या रकान्यात 'नेहमीचा' एवढंच लिहिलेलं. आता आमच्याकडे नेहमीचा म्हणजे काय? दुपारी उकड्या तांदळाचं शीत, नारळाच्या रसातलं हुमण, तळलेला बांगडा. घरात कार्य असलं तर विचारूच नका.

बघता बघता पोटाने आपलं वेगळंच वेळापत्रक लावलं. सकाळचा चहा-पाव खाली उतरतो न उतरतो तोच धावायचं. तेही पिवळं, पाण्यासारखं आणि जाताना आग करणारं. शाळेत हजेरी घेताना माझं अर्धं लक्ष दाराकडे. पणजीच्या बसमध्ये बसलं की बाणस्तारीला उतरले तर कुठे सोय आहे, जुने गोव्याला उतरले तर कुठे, हा हिशेब आधी. लग्नाची बोलावणी आली की नवरा एकटाच जाऊ लागला. सल्ले मात्र भरपूर मिळाले. मावसभावाने तर काजूची फेणी सुचवली, पोट जागेवर येतं म्हणे. (घेतली नाही, हे माझं नशीब. दारू आणि स्वादुपिंड यांचं वैर किती जुनं ते मला नंतर कळलं.)

तुमच्याकडून मी दोनच गोष्टी न्यायची, सकाळची थायरॉईडची गोळी आणि जुलाब थांबवायची गोळी. एकदा तुम्ही जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवलीत, पण तिच्यावरचं बोट उचललं नाहीत. "बाई, ही घरात कोण घेतं? ही अशी परत परत न्यायची वस्तू नव्हे."

मग वजनकाट्याच्या बाजूला, गिऱ्हाइकांपासून जरा लांब नेऊन, तुम्ही जे विचारलंत ते मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. रंग कसा? पाण्यावर तरंगतं का? भांड्याला चिकटून राहतं, तेलाचा तवंग दिसतो? रात्री झोपेतून उठावं लागतं? रक्त? वजन उतरलंय? मी पन्नाशीतली शिक्षिका, शौचाबद्दल इतकं मोकळं डॉक्टरांशीसुद्धा बोलले नव्हते. त्यांनी "मोशन क्लिअर होते ना?" म्हटलं होतं आणि मी मान हलवली होती. तुम्ही मात्र मसाल्याचे भाव विचारावेत तशा सुरात विचारत गेलात, आणि माझी लाज त्या सुरातच विरघळली.

ऑपरेशनचं ऐकल्यावर तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलंत. यकृत, नळी, आणि फुली मारलेली पिशवी. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पिशवी ते साठवायची, दाट करायची आणि जेवण आलं की सोडायची. "पावळीखालचं पिंप काढून घेतलं म्हणून पाऊस थांबतो का? पाणी अंगणात जातं." पित्तातली आम्लं एरवी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी जवळजवळ सगळी परत शोषली जातात. जास्तीची सुटून मोठ्या आतड्यात पोचली, की ती तिथे पाणी ओढतात आणि घाई लावतात. पिशवी काढलेल्या सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं होतं, आणि त्यावर वेगळं औषध आहे. "पण मी डॉक्टर नव्हे. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत दाखवा. आणि जाईपर्यंत लिहून ठेवा." त्याच कागदावर रकाने आखून दिलेत: काय खाल्लं, किती वाजता, शौच कशी, दुखलं का आणि कुठे. पट्टी परत खणात गेली.

ओपीडीची तारीख यायच्या आधी शिगम्याचे दिवस आले. त्या संध्याकाळचं मी अजून घरीही नीट सांगितलेलं नाही. बरगड्यांच्या मधोमध, जिथे छाती संपते तिथे, कळ सुरू झाली आणि सरळ पाठीत घुसली. वाकून बसलं तर थोडं सुसह्य, आडवं झालं की जीव जातो. उलटी झाली तरी हलकं वाटेना. मुलाने गाडीवरून तुमच्याकडे आणलं, कारण मला दुखण्याची गोळी हवी होती आणि घरी जाऊन झोपायचं होतं. तुम्ही शटर अर्धं ओढलेलं. मला बघितलंत, कळ पाठीत जाते का विचारलंत, डोळ्यांखालची कातडी ओढून पिवळेपणा पाहिलात, लघवी गडद झालीय का विचारलंत, आणि म्हणालात, "गोळी देणार नाही. दुखणं दबेल आणि तुम्ही घरी बसून राहाल." मुलगा चिडला. तो चिडला की आवाज चढतो, आजूबाजूचे लोक बघायला लागले. तुम्ही त्याच्याशी वाद न घालता 108 ला फोन लावलात आणि गाडी येईपर्यंत मला आत पंख्याखाली बसवलंत. पाणीसुद्धा घोटभर ओठ ओले करण्यापुरतंच.

मुलगा आता तुमचं नाव निघालं की गप्प बसतो. त्याच्या वतीनेही हे पत्र आहे असं समजा.

पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सलाईन चालू झालं, तोंडाने काही नाही. रक्तात लिपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं एक पाचकद्रव्य, वाढलेलं निघालं. पण स्वादुपिंडाला सूज आहे असं ठामपणे म्हणायला ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या निदान तिप्पट लागतं, आणि माझं तेवढं नव्हतं. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेने स्वादुपिंड नीट दिसलंच नाही. तिथल्या तरुण डॉक्टरने समजावलं: तसं दुखणं, रक्तातला तो आकडा आणि स्कॅनमधली सूज, या तिनांतली दोन जुळली की निदान पक्कं. माझी एक पुरी जुळली, एक अर्धी. म्हणून कागदावर 'संशयित' हाच शब्द राहिला, आणि अजूनही आहे. पिशवी काढली तरी नळीत एखादा खडा मागे राहू शकतो, किंवा तिथे नवा होऊ शकतो. तो स्वादुपिंडाचं तोंड अडवतो. त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय, केली. खडा नाही. नळी जराशी रुंद आहे, पण पिशवी नसलेल्यांत तशी होते म्हणाले. रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) आणि कॅल्शियम फार वाढलं तरी स्वादुपिंड सुजतं, म्हणून तेही पाहिलं, दोन्ही ठीक.

ओपीडीत तुमचं ते कॅलेंडरचं पान मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्टांच्या आधी वाचलं. कुणी आखून दिलं विचारलं, मी सांगितलं, तर पान शेजारच्या शिकाऊ मुलीकडे सरकवून म्हणाले, "इतिहास असा घ्यायचा." हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्या आणखी एका पाचकद्रव्याची, तपासणी झाली. ते 200 च्या वर, म्हणजे स्वादुपिंड पाचकरस पुरेसा सोडतंय. मग त्यांनी कोलेस्टायरामिनची पुडी सुरू केली, तुम्ही म्हणाला होतात तेच वेगळं औषध.

ती पुडी घ्यायला आले तेव्हाही तुम्ही ती लगेच दिली नाहीत! आधी विचारलंत, थायरॉईडची गोळी किती वाजता घेता? ही पुडी पित्ताची आम्लं जशी धरून ठेवते तशी दुसरी औषधंही धरते, तेव्हा दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. डॉक्टरांना फोन करून तुम्ही वेळ पक्की करून घेतलीत: पुडी रात्री जेवताना, थायरॉईडची गोळी सकाळी उठल्याबरोबर. चव म्हणाल तर मिरामारच्या वाळूचं सरबत. ताकात कालवली तर घशाखाली जाते. पहिल्या आठवड्यात उलट बद्धकोष्ठ झालं, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. आता सकाळी चहा बसून पिते.

जेवणातलं हुमण तुम्ही सोडायला लावलं नाहीत, वाटी लहान करायला लावलीत, त्याबद्दल नवरा तुम्हाला वेगळे धन्यवाद देणार आहे. रात्री पेज, दुपारी थोडं थोडं दोनदा, तळलेलं फक्त चवीपुरतं. दुखणं मधून एकदा डोकावून गेलं, तेव्हा न विचारता थेट इस्पितळात गेले. लिपेज तेव्हा साधं होतं. पुन्हा तसं झालं तर एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण आत घालून, बघू असं डॉक्टर म्हणाले आहेत. भीती अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण आता ती कागदावर रकान्यांत मांडता येते.

आणखी एक. आमच्या शेजारच्या वहिनींच्या पिशवीत खडे निघालेत, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. नंतर काय काय होऊ शकतं ते विचारायला त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे. संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका असं बजावलंय, पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत.

तुमची,
फोंडा तालुक्यातली एक मराठी शिक्षिका