घडले कधी आणि कळले कधी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दुसऱ्या महायुद्धातील त्या त्या तारखेच्या घडामोडींचे जे छोटे सदर रोज येते, त्याचा मी नेमाने वाचणारा वाचक आहे. कात्रणे वहीत चिकटवण्याची जुनी खोड अजून गेलेली नसल्यामुळे मार्चपासूनची बहुतेक कात्रणे माझ्याकडे आहेत. सदराबद्दल आभार मानून एक तक्रार आणि तिच्याच पोटात एक सूचना करावी, म्हणून हे पत्र.

१४ एप्रिलच्या अंकात १९४४ सालच्या नोंदीत कोहिमाचा वेढा, क्रिमियातील सोव्हिएत फौजांची आगेकूच आणि मणिपुरात मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने फडकावलेला ध्वज यांना मिळून चांगल्या बारा ओळी मिळाल्या. त्याच शुक्रवारी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर जो स्फोट झाला त्याच्या वाट्याला दोनच ओळी आल्या आणि त्यांतलीही एक सोन्याच्या विटांवर खर्ची पडली. सोन्याच्या विटा उडाल्या हे खरेच आहे, पण त्या दिवशी उडालेल्या गोष्टींत सोने सर्वांत कमी महत्त्वाचे होते. १४ एप्रिलला जागा अपुरी पडते हे मला समजते, डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा मजकूर त्या दिवशी असावाच. त्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, म्हणजे हवे तर तोही मजकूर आपल्या सदरात सहज बसला असता.

ही बोट २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत लागली. तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि वर कराचीत कापसाच्या ८,७०० गाठी व वंगणाची पिंपे चढवलेली होती. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत भरू नये, हे सांगायला नौकानयनातला तज्ज्ञ लागत नाही. पण युद्धात बोटींची टंचाई असली की नियमांचीही टंचाई होते. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, आग लक्षात आली, बंबवाल्यांनी सुमारे ९०० टन पाणी ओतले, तरी धग हटेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. त्यांचे हादरे शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटले. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले आणि म्हणूनच १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या एका वाक्याला तरी सदरात जागा हवी होती. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली आणि मांडवीच्या बाजूची धान्याची गोदामे जळाली, तीही शहरात रेशनिंग सुरू होऊन जेमतेम वर्ष होत आले असताना.

माझी आई त्या वेळी अकरा वर्षांची होती आणि उमरखाडीतल्या एका चाळीत राहत होती. एप्रिल असल्याने गच्चीवर बाजेवर उडदाचे पापड वाळत घातलेले होते आणि कावळे हाकायचे काम तिच्याकडे होते. पहिला आवाज झाला तेव्हा ती बाजेसकट हलली, असे ती सांगे. दुसऱ्या आवाजानंतर गच्चीवर जळका कापूस पडू लागला, धुमसणारी बोंडेच्या बोंडे, आणि पापड वरून काळे व खालून पांढरे असे झाले. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना चिकटवलेल्या काळ्या कागदामुळे काचा फुटल्या तरी विखुरल्या नाहीत, त्या कागदाला धरून लोंबत राहिल्या. चाळीत कोणालाही शंका नव्हती की जपानी आले. १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि कलकत्त्यावर त्यांची विमाने येऊन गेलेली होती; मग मुंबईवर का येऊ नयेत?

माझे आजोबा मशीद बंदरच्या एका धान्याच्या पेढीवर कारकून होते आणि घरी रोजखर्चाची वही ठेवत. तिच्यात त्या दिवशी एवढेच आहे: ‘शुक्रवार. गोदीत आग. पेढी बंद. मुले गिरगावास.’ पुढे नऊ दिवस कोरे आहेत. दहाव्या दिवशी ‘रेशनकार्ड नवे करणे’ अशी नोंद आहे, कारण जुने खोलीत राहिले होते आणि खोली राहिली नव्हती. मला सर्वांत बोलकी वाटते ती मात्र १४ एप्रिलच्याच ओळीपुढची जागा. तिथे मे महिन्यात कधीतरी मागे जाऊन, वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘बोट. दारूगोळा. विमाने नव्हेत.’

म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर जे घडले, त्याचे खरे कारण माझ्या आजोबांच्या वहीत चार आठवड्यांनी उतरले. याला सेन्सॉर कारण होता. सविस्तर वृत्त पाठवण्याची मुभा बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. त्याआधी, १५ एप्रिललाच, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने या स्फोटाचा तपशील जगाला ऐकवला होता. मुंबईकराला स्वतःच्या गोदीची बातमी शत्रूच्या रेडिओवरून ऐकावी लागत होती आणि तो रेडिओ ऐकण्यात धोका होता तो निराळाच. पुढे चौकशीत आगीचे मूळ कापसाच्या गाठींत असावे असे ठरले; चाळीतल्या काही म्हाताऱ्यांनी मात्र जपानी विमानांवरचा विश्वास शेवटपर्यंत सोडला नाही.

माझी सूचना इथेच आहे. आपल्या सदरात नोंदीपुढे घटना घडल्याची तारीख असते. शक्य असेल तिथे ती इथल्या लोकांना कधी कळली, तीही द्यावी. मोइरांगचा ध्वज १४ एप्रिलचा खरा, पण आझाद हिंद सेनेची हकीकत घरोघरी पोहोचली ती १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यातला खटला उभा राहिल्यावर. तसेच नाईक यशवंत घाडगे यांचे. माणगावजवळच्या पळसगावचा, मराठा लाइट इन्फंट्रीचा हा बावीस वर्षांचा शिपाईगडी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर चालून गेला आणि तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला नोव्हेंबरात. आपण त्यांची नोंद १० जुलैला घ्याल, घ्यावीच. पण त्या मधल्या महिन्यांत भात लावून, कापून झाले होते, हे कोकणातल्या वाचकाला तारखा शेजारी शेजारी पाहिल्या की न सांगता कळेल.

राजकीय घडामोडींनाही हे लागू आहे. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये वारल्या, गांधीजींची तिथून सुटका ६ मे रोजी झाली. गोदीतला स्फोट या दोन तारखांच्या मध्ये येतो. काँग्रेसचे बहुतेक पुढारी तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात होते. ज्या शहरात १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, तिथे घरे जळत असताना लोकांपुढे उभे राहून बोलायला यांपैकी कोणी मोकळे नव्हते. कोहिमाच्या बारीकसारीक हालचाली देताना आपण हे सुटे ठेवता, म्हणून तारखा असूनही दिवस डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

शिवाय घरातल्या युद्धाचा मोठा भाग असा आहे की त्याला तारीखच नाही. रॉकेलच्या रांगेला कोणती तारीख देणार? १९४३ पासून धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा चलनात आला. माझ्या आईने असे सात पैसे दोऱ्यात ओवून ठेवले होते. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांतही बहुतेक बायका-मुले, येऊन राहिली आणि १९४८ पर्यंत होती. पंचगंगेच्या काठच्या खेड्यांनी महायुद्ध पाहिले ते त्यांच्या रूपाने. अशा मजकुरासाठी आठवड्यातून एक दिवस, रविवारी म्हणा, तारखेचे बंधन सोडले तर सदराचे काही बिघडणार नाही.

आजोबांच्या वहीतल्या एप्रिल-मे १९४४ च्या चार पानांच्या छायाप्रती सोबत जोडत आहे. हव्या तर छापाव्यात, नावे मात्र झाकावीत. मूळ वही कृपया मागवू नये. तिची शिवण सुटली आहे आणि १४ एप्रिलचे पान आधीच निम्मे बाहेर आले आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
गिरगाव, मुंबई