आवाजातून जपलेली ओळख

महोदय,

परक्या देशात गेल्यावरही माणसे फोनवरून मायदेशाशीच बोलत राहिली, तर ती तिथे रुजत नाहीत, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. सोमाली स्थलांतरितांबाबत तो मला अन्यायकारक वाटतो. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती 1972 मध्ये. त्याआधी आणि नंतरही सोमालियातली कविता मुखोद्गतच राहिली. पुढे ती कॅसेटवरून गावोगाव फिरली. 1991 नंतरच्या यादवीत घरे विखुरली. आज अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरातली नात आणि सोमालियाच्या राजधानीतली, मोगादिशूतली आजी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप धाडतात, तेव्हा ती जुनीच परंपरा नव्या साधनाने चालू असते. ओळख जपली म्हणून नव्या समाजाशी नाते तुटत नाही. याच मिनियापोलिसने 2018 मध्ये सोमालियात जन्मलेल्या इल्हान ओमर यांना अमेरिकी संसदेत पाठवले.

धोके आहेतच. टिकटॉकवर कुळाकुळांतली जुनी भांडणे उकरली जातात. शिवाय, लशीमुळे स्वमग्नता येते ही खोटी भीती पसरल्याने मिनेसोटातल्या अनेक सोमाली पालकांनी गोवराची लस टाळली आणि 2017 च्या साथीत त्यांचीच मुले सर्वाधिक आजारी पडली. अशा वेळी इंग्रजी पत्रके वाटून भागत नाही. सोमाली डॉक्टर, परिचारिका आणि मशिदीतले इमाम यांचा ओळखीचा आवाज, त्यांच्याच भाषेत, त्याच फोनवर पोहोचला पाहिजे. आरोग्य खात्यांनी त्यासाठी पैसा आणि माणसे द्यावीत.

– एक वाचक, ठाणे